स्टेशन चांगलंय, शेड मात्र एसीवाल्यांचं
बडनेरा-वर्धा मार्गावरचं आमचं तालुक्याचं स्टेशन. गाड्या आणि वेळा सगळ्यांना पाठ आहेत, ते सांगत बसत नाही. दिवाळीपासून माझं इथूनच अपडाऊन चालू आहे. थंडीत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं. पण परवा भर दुपारी एक्सप्रेस तासभर लेट झाली आणि डोकं फिरलं.

मुद्दा शेडचा. फलाटाच्या मधोमध तीन-चार डब्यांपुरते पत्रे टाकलेत. २२ डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर लांब, आणि जनरल डबे पार टोकांना. म्हणजे पत्र्याखाली लागतात एसीचे डबे, ज्यांना आत शिरलं की गारवा आहेच. जनरलवाले उघड्यावर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या टोकाला लोक विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे राहतात. सावली सरकली की अख्खी रांग सरकते. शेडखाली थांबून ऐनवेळी पळावं म्हटलं तर गाडी दोनच मिनिटं थांबते. "भाऊ, जनरल समोर हाये का मांगं?" विचारत काकू डोक्यावर बोचकं घेऊन धावत सुटतात. डबा दाखवणारे बोर्ड लावलेत, पण चालू असतात ते शेडखालचेच. ऑनलाइन तक्रार टाकली. 'संबंधितांस कळविले आहे' एवढं उत्तर आलं आणि तक्रार निकाली. पत्रा एकही वाढला नाही.

बाकी बाबतीत माझं मत बदललं. स्टेशन गावापासून तीन किलोमीटर, म्हणून आधी मी बोंबलायचो. ऑटोवाला सीटचे २० घेतो आणि मेमूचं (म्हणजे विजेवरची पॅसेंजर) तिकीट १०! (कोरोनानंतर पॅसेंजरलाही एक्सप्रेसचं भाडं लावून किमान ३० केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० झालं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.) आता जुनी सायकल दुरुस्त करून घेतली, विषय संपला. शिवाय १८६७ साली नागपूरला पोचलेली ही लाइन खुद्द अमरावतीलाही बाजूला ठेवून गेली. तिथं बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. आपले तीन किलोमीटर त्यामानानं काहीच नाहीत.

तिकीट मोबाईलवरच काढा. खिडकीची रांग टळते आणि आर-वॉलेटमधून (रेल्वेचं मोबाईलवरचं पाकीट) तिकीट काढलं की ३ टक्के परत मिळतात. मात्र स्टेशनात शिरल्यावर ते साधं निघत नाही, क्यूआर कोड शोधत फिरावं लागतं. सायकल लावायच्या आधी, रस्त्यावरच काढून घ्या. सुपरफास्टला जनरलवाल्यांनाही १५ रुपये जास्त लागतात, तेही लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात मी तरी मेमूच धरतो. डबे कमी, त्यामुळे गाडी बरीचशी शेडच्या आसपासच लागते. वेळ जास्त जातो, जाऊ दे. एक्सप्रेसचं पाऊस पडल्यावर बघू.