सर्व्हिसिंगनंतर लागलेला पिवळा दिवा

मी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. मशीनला अलार्म आला की आमच्याकडं पहिला प्रश्न एकच असतो, "शेवटचा हात कुणाचा लागला?" टूल कुणी बदललं, केबल कुणी हलवली, रात्रपाळीला काय झालं? चौदा वर्षं मी हा प्रश्न पोरांना विचारतोय. स्वतःच्या मोटरसायकलचा दिवा लागला तेव्हा मात्र तो मला सुचला नाही. सुचला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

गाडी १६० सीसीची, बीएस६, ऑक्टोबर २०२० ला घेतलेली. जुलै २०२४ मध्ये ३१ हजार किलोमीटर झाले होते, वॉरंटी संपली होती. शनिवारी सकाळी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, चेन आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेटिंग. संध्याकाळी मिळाली. बिल २,१८० रुपये. त्या बिलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, इंजिनाचा आवाज खरंच मऊ झाला होता.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन औदुंबरला निघालो. भिलवडीच्या अलीकडं मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, पण कमी वेगात किंचित अडखळायला लागली. "पेट्रोल संपलं का रे?" आईनं मागून विचारलं. नाही म्हटलं. दर्शन घेतलं आणि चाळीसच्या पुढं न जाता घरी आलो.

सोमवारी अर्धी रजा टाकून पुन्हा सर्व्हिस सेंटर. ॲडव्हायझरनं स्कॅनर लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सर, पावसात चालवलीय ना गाडी? ऑक्सिजन सेन्सरमध्ये पाणी गेलंय. बदलावा लागेल."

सांगलीत "पाणी गेलंय" म्हटलं की माणूस वाद घालत नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यानंतर कित्येक महिने इथली गॅरेजं चिखलानं भरलेल्या गाड्यांनी भरली होती. शेजाऱ्यांची, मित्रांची, कुणाची गाडी वाचली नव्हती. ती आठवण अजून ताजी आहे, आणि पावसाळ्यात ती वापरून घेणं सोपं आहे. माझी गाडी पुरात नव्हती, नेहमीच्या पावसात होती. मोटरसायकल पावसात चालवायलाच बनवलेली असते आणि हा सेन्सर तर बेंड पाइपावर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर, चाकाच्या मागं, रोज पाणी अंगावर घेतच बसलेला असतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मी विचारलं, "बिघाडाचा कोड काय आलाय?" तो म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सरचाच, सर." स्कॅनरचा स्क्रीन त्याच्याकडं होता. मीही वाकून बघितलं नाही.

संध्याकाळी गाडी मिळाली, दिवा गेलेला. बिल असं: सेन्सर १,८०० आणि त्यावर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३०४. लेबर ३५४. स्कॅनिंग २९५. एकूण २,९५३ रुपये. "जुना सेन्सर द्या," असं मी सहज म्हटलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "जुना पार्ट कंपनीला परत जातो, सर." हे वाक्य लक्षात ठेवा. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडं परत जातो, ते ठीक. पण मी पैसे मोजून बदलून घेतलेल्या पार्टाचं कंपनी काय करणार? तो माझा. मला हे समजायला बारा दिवस लागले.

नवव्या दिवशी, पेठ नाक्याच्या रस्त्याला, दिवा पुन्हा लागला.

आता यामागचं तांत्रिक कारण थोडं सविस्तर सांगतो, कारण फसवणूक नेमकी इथंच लपते. स्कॅनरनं कोड पुसता येतो. पुसला की दिवा विझतो. दुरुस्ती झाली म्हणून तो विझत नाही, ईसीएमच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, स्मरणातून नोंद गेली म्हणून विझतो. पुढं इंजिन गरम होऊन, गाडी ठरावीक पद्धतीनं चालल्यावर ईसीएम तो सेन्सर परत तपासतं. सिग्नल नीट आला तर दिवा विझलेला राहतो, नाही आला तर पुन्हा लागतो. माझा रोजचा प्रवास विश्रामबाग ते कुपवाड, दहा-पंधरा मिनिटांचा. इंजिन धड तापतंय तोवर गेट येतं. त्यात बिघाडही कायमचा नव्हता, धक्क्यानं येणारा-जाणारा होता. म्हणून नऊ दिवस मी खुशीत होतो, लांबच्या रस्त्याला लागलो आणि दिवा हजर.

ॲडव्हायझर या वेळी गंभीर चेहरा करून बसला. "सर, सेन्सर नवीन आहे म्हणजे तो नाही. ईसीएम गेलंय. साडेअकरा हजार होतील. पुण्याहून मागवायला लागेल, पाच हजार ॲडव्हान्स." शिवाय जाता जाता हेही सांगितलं की अशीच चालवत राहिलो तर इंजिन बसेल. मी मोबाइल काढला होता, खरंच. ॲप उघडलं, क्यूआर स्कॅन केला, आणि खात्यात तीन हजार आठशेच आहेत हे दिसलं. पगार व्हायला चार दिवस होते. त्या दिवशी मला वाचवलं ते माझ्या अकलेनं नाही, महिनाअखेरीनं.

कंपनीत जेवताना विषय निघाला. आमच्या मेंटेनन्सचा माणूस म्हणाला, "आधी मिरजेला चाचांना दाखव." चाचांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला एक पत्र्याचं शेड, आत दोन गाड्या मावतात. वय पासष्टच्या पुढं. कार्बोरेटरच्या काळातला मिस्त्री, याला फ्यूएल इंजेक्शनमधलं काय कळणार, असं मनात घेऊनच मी गेलो होतो. ते इथंच कबूल करून टाकतो.

चाचांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "दिवा लागायच्या आधी काय काम केलं होतं?"

माझ्याच मशीनवरचा प्रश्न.

"सर्व्हिसिंग," मी म्हटलं. "टॅपेट पण केले."

"मग टाकी उचलली असणार." त्यांनी साइड स्टँड खालीच ठेवला, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन केली आणि मला दिव्याकडं बघायला लावलं. दिवा लुकलुकत होता. आतापर्यंत मी तो फक्त गाडी चालवताना, सलग लागलेला बघितला होता. "मोज. लांब किती, तोकडे किती?" दोन लांब, एक तोकडा. मग थोडं थांबून परत तेच. "लांब म्हणजे धा, तोकडा म्हणजे एक. एकवीस. तुझ्या कंपनीच्या गाडीत एकवीस म्हणजे ऑक्सिजन सेन्सर." प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, काही गाड्यांत दिवा असा लुकलुकतच नाही, स्कॅनरच लागतो. पण माझ्या गाडीत तो चार वर्षं फुकट वाचता येत होता आणि मी स्कॅनिंगचे २९५ रुपये देऊन आलो होतो.

"म्हणजे सेन्सरच ना? तो तर बदललाय," मी म्हणालो.

चाचांनी खाली बसून बॅटरी मारली. "कोण म्हणतं बदललाय? ये, बघ हिकडं." सेन्सरच्या षटकोनी भागावर वाळलेला चिखल, त्याखाली गंज. पाना लागला असता तर कडा चकाकल्या असत्या. नवीन सेन्सर असता तर आटे बसतात तिथं ताज्या वंगणाचा माग दिसला असता. काहीच नव्हतं. चार वर्षांत त्या सेन्सरला कुणी हातच लावलेला नव्हता. २,३०४ रुपये मी हवेला दिले होते.

मग त्यांनी टाकी सैल करून जरा वर उचलली आणि सेन्सरची वायर बोटानं माग काढत वर नेली. एकच वायर असते ती. टाकीच्या ब्रॅकेटखाली ती दाबली गेली होती, वरचं आवरण सोलवटून आतली तार फ्रेमला टेकत होती. पुढचा कपलरही, म्हणजे वायर जोडायचा सॉकेट, पूर्ण बसलेला नव्हता. त्यांनी दाबला तेव्हा 'टक्' असा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. टॅपेटसाठी टाकी काढली, कपलर सोडला, परत लावताना वायर तिच्या खाचेत न घालता तशीच वर टाकी ठेवली. एवढंच झालं होतं.

चाचांनी तार साफ केली, झाळून जोड मारला, श्रिंक ट्यूब चढवली, वायर मूळ खाचेतून नेली. कपलरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. मग इंजिन चांगलं तापू दिलं आणि मल्टीमीटर लावला. आकडा सारखा हलत होता, शून्य पॉइंट एकच्या आसपास, मग शून्य पॉइंट आठच्या वर, परत खाली. "नाचतोय म्हणजे जिवंत आहे," चाचा म्हणाले. एक्झॉस्टमध्ये उरलेल्या ऑक्सिजनवर हा व्होल्टेज ठरतो, आणि त्यावरून ईसीएम पेट्रोल थोडं कमी, थोडं जास्त करत राहतं. तो सिग्नल तुटला की ईसीएम ठरलेल्या आकड्यांवर गाडी चालवतं. गाडी बंद पडत नाही, पण ॲव्हरेज आणि चाल बिघडते. माझं अडखळणं त्यामुळं होतं. आणि ईसीएम? "ते गेलं असतं तर तू मिरजेपर्यंत चालवत आला असतास व्हय?"

इथं एक गोष्ट नीट वेगळी करून सांगायला हवी. वायर दाबली जाणं ही चूक आहे. दिवसाला तीस गाड्या करणाऱ्या पोराकडून ती होऊ शकते, माझ्याकडूनही कामावर होते. "आमच्याकडून राहिलं" म्हणून त्यांनी सोमवारी दहा मिनिटांत ती नीट केली असती तर मी चहा पिऊन परत आलो असतो. चूक झाकायला न बसवलेला पार्ट बिलात घातला, तिथं फसवणूक सुरू झाली. मग त्याच न बसवलेल्या पार्टाच्या आधारावर "सेन्सर नवीन आहे, म्हणजे ईसीएम गेलंय" असा पुढचा मजला चढवला. कोड तरी काय सांगतो? सेन्सर खराब झालाय, असं तो सांगत नाही. या सर्किटमधून अपेक्षित सिग्नल येत नाही, एवढंच सांगतो. सेन्सर, वायर, कपलर, यातलं कुठलंही असू शकतं. फुकट तपासता येण्यासारखं आधी तपासायचं आणि मग पार्टाला हात घालायचा, हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं. त्या ॲडव्हायझरलाही माहीत होतं.

चाचा काम करत असताना मी सगळ्याचा व्हिडिओ घेतला होता: लुकलुकणारा दिवा, सेन्सरवरचा चिखल, सोललेली वायर. तो घेऊन मॅनेजरकडं गेलो. आधी म्हणाले, सेन्सर बदललाच आहे. व्हिडिओ दाखवल्यावर म्हणाले, बाहेरच्या गॅरेजला गाडी नेली, आता आमची जबाबदारी नाही. हा युक्तिवाद तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून माझ्या हातून राहिलेलं सांगतो: बाहेर नेण्याआधी, त्यांच्याच आवारात उभं राहून सेन्सरचा आणि मीटरचा फोटो काढायला हवा होता. आणि सोमवारी "सेन्सर बदला" म्हणण्याआधी जॉब कार्डवर कोडचा आकडा लिहून घ्यायला हवा होता, "जुना पार्ट ग्राहकाला द्यावा" ही ओळसुद्धा.

मग १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली, दोन्ही बिलं आणि व्हिडिओतले फोटो जोडले, तेच सगळं कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केलं. मेलमध्ये शिव्या नव्हत्या, फक्त तारखा आणि बिल नंबर. शेवटी एक ओळ लिहिली की उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडं जाणार. ती पोकळ धमकी नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगाची फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. हे सगळं मला त्या आठवड्यात कळलं.

तीन आठवड्यांनी सर्व्हिस सेंटरचा फोन आला. "सर, सेन्सर बिलात चुकून लागला होता." २,३०४ रुपये खात्यावर आले. स्कॅनिंग आणि लेबरचे ६४९ मिळाले नाहीत, ते मी सोडून दिले. न बसवलेल्या सेन्सरचं लेबर कशाचं, हे मी फोनवर विचारलं होतं. पलीकडं जरा वेळ शांतता होती.

दिवा त्यानंतर लागलेला नाही. चाचांनी त्या दिवशी चाळीस रुपये घेतले होते. त्याच ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं मी नंतर वाचलं, आणि चाचांनी बिल दिलं नव्हतं.