सर्ट्रालिन ५०: दारू सुटल्यावर आलेल्या उदासीसाठी, सात-आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, ही दारू सोडायची गोळी नाही. दारू आधी सुटली, मग मूड गेला आणि त्या मूडसाठी ही चालू झाली. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, त्यामुळे हे वाचून कुणी उठून मेडिकलवर जाऊ नका.

माझं थोडक्यात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, भोसरी एमआयडीसीत नोकरी, रोजची क्वार्टर आणि शनिवारी हिशोबच नाही. दिवाळीनंतर सोडली ती ॲडमिट होऊन, कारण रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. तिथे बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं वगैरे सगळं रीतसर झालं. घरी आलो तर एवढं कौतुक की हार घालायचा तेवढा बाकी होता. पहिले दोन-तीन आठवडे मी पण हवेतच.

मग उतरायला लागलं. रडूबिडू काही येत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं हा खरा प्रॉब्लेम. ताटात मटण असो की दुधीची भाजी, सारखंच. मॅच लावायची आणि भिंतीकडे बघत बसायचं. पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडे, त्याआधी स्वप्न पडलेलं असायचं की मी पितोय आणि कुणीतरी बघतंय. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ तर जाता जात नाही, इतकी वर्षं तो वेळ कुणी दुसराच घालवत होता ना. ही एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पीत होतात तेव्हा निदान बोलत तरी होतात." चिडून नव्हती म्हणाली, म्हणूनच जास्त लागलं.

बाकी सल्ले ठरलेले. "आता सगळं सुरळीत आहे ना, मग तोंड पाडून का बसतोस?" मामा म्हणाले पारायणाला बस. ग्रुपमधला एकजण म्हणाला, नव्वद मार, फ्रेश होशील. आणि खरं सांगू का, त्या काळात सगळ्यात पटणारा सल्ला हाच वाटायचा. माणसं परत घसरतात ती इथेच, ती पहिल्या आठवड्यातली थरथर सगळ्यांना माहिती असते पण ह्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. दारूतून नुकत्याच निघालेल्या माणसाला झोपेची गोळी म्हणजे नवीन सवय लावून द्यायची. ती मी घेतलीच नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठला.

त्यांचा पहिला प्रश्न, शेवटची कधी घेतली? दोन महिने होऊन गेलेत म्हटल्यावर म्हणाले, महिन्याच्या आत आला असतात तर बहुतेक थांबा म्हणालो असतो. कारण दारू स्वतःच डिप्रेशन आणते आणि बऱ्याच जणांचं ते सोडल्यावर काही आठवड्यांत आपोआप निवळतं. १९८८ चा एक अमेरिकन अभ्यास त्यांनी सांगितला, दाखल होताना ४२ टक्के रुग्ण चांगलेच डिप्रेस होते, चौथ्या आठवड्यात राहिले ६ टक्के. मी त्या सहातला निघालो म्हणायचं. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, लिव्हरच्या टेस्ट केल्या, मग गोळी. असं का होतं विचारलं तर म्हणाले, दारू म्हणजे रोज दाबलेला ब्रेक, गाडी चालू ठेवायला मेंदू वर्षानुवर्षं ॲक्सिलरेटर दाबून धरतो, ब्रेक काढला तरी पाय लगेच उचलला जात नाही. म्हणून ती झोपमोड आणि चिडचिड. आणि आनंद वाटण्याची जी यंत्रणा आहे ती इतक्या जोरदार डोसला सरावलेली असते की साध्या गोष्टींनी हलतच नाही, तिला काही महिने द्यावे लागतात.

डोस: आठवडाभर २५ मिलिग्रॅम, मग ५०, सकाळी पोह्यांबरोबर. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बेकार. मळमळ, पोट सैल, आणि आतून एक अस्वस्थपणा की हातातलं काम टाकून पळून जावं. फायदा शून्य. ह्याच टप्प्यात बरेच जण गोळी फेकून देतात. जगून काय करायचंय असले विचार तेव्हा डोक्यात यायचे, ते मी डॉक्टरांना सांगितले, त्यांनी आठवड्याच्या आत परत बोलावलं. असं कुणाला होत असेल तर लपवू नका, रात्री-अपरात्री टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात फरक पडला पण मला कळलाच नाही, हिला कळला. मार्केटमध्ये एका आंबेवाल्याशी मी चांगली दहा मिनिटं भांडलो, की हा देवगड नाही, कर्नाटकचा आहे, सालीवरून दिसतंय, वास बघ. ही बाजूला उभी राहून हसत होती. दोन महिने जे ताटात पडेल ते गिळणारा माणूस आंब्यावरून भांडत होता. ह्या गोळीने खुशी वगैरे येत नाही बरं का, कुठल्या गोष्टीने काही फरक पडतो एवढं परत वाटायला लागतं.

आता ती काय करत नाही. तलफ जात नाही. त्यासाठी नाल्ट्रेक्सोन ५० वेगळी चालू आहे (लिव्हर बघून देतात, आणि ट्रामाडॉलसारखी पेनकिलर तिच्याबरोबर चालत नाही). सात ते दहाचं काय करायचं हे पण गोळी सांगत नाही, तिथे एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंग कामाला आली. तिथल्या एका जुन्या मेंबरने ऐकवलं की गोळी पण नशाच. एएचं स्वतःचं पत्रक आहे ह्यावर, सभासदांनी डॉक्टरकी करू नये असं त्यात स्पष्ट आहे, ते मी त्याच्या हातात दिलं.

तोटे. घाम फार येतो. बेडरूममध्ये सगळं लांबत जातं, हे डॉक्टरला सांगायला मला दोन अपॉइंटमेंट लागल्या आणि ते म्हणाले कॉमन आहे, डोस ॲडजस्ट करू. गावी जत्रेला दोन-तीन दिवस जास्त राहावं लागलं आणि तिथल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही, तर चक्कर आणि मान वळवली की डोक्यात बारीक करंट. सवय लागण्यातला प्रकार नाही तो पण एकदम थांबवायची नाही हे नक्की. पाठीसाठी ब्रुफेन पण विचारल्याशिवाय घेत नाही आता, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. किंमत म्हणाल तर जनऔषधीत बरीच कमी पडते.

उदासीसाठी पाचपैकी चार, झोपेसाठी तीन, ती अजून पूर्ण बसलेली नाही. बरं वाटायला लागल्यापासून किमान सहा महिने चालू ठेवायची, मग हळूहळू कमी करायची असं ठरलंय. पण मधेच गटारी येतेय, ग्रुपवर "कुठे बसायचं" सुरू झालंय, तर ती होऊन जाईपर्यंत डोसला हात लावू नका असं मीच डॉक्टरांना सांगून आलोय.