खाट, वॉकर आणि दूरचा पाडा: वसईतल्या एका लहान धर्मग्रामाच्या सेवेचा अनुभव

आईच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा ती ८४ वर्षांची होती. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण घरी सोडताना डॉक्टरांनी फाउलर खाट (हँडल फिरवून पाठीकडून वर उचलता येणारी), हवेची गादी, कमोड खुर्ची आणि वॉकर अशी यादी हातात ठेवली. ती घेऊन मी नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत दुकाने पालथी घातली आणि शेवटी हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की चार-पाच महिन्यांच्या भाड्यात जवळजवळ नवी खाटच विकत येईल. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून हे सगळे ऐकत होत्या. ‘‘आमच्या देवळात विचारून बघा ना, तिथे खाटा मिळतात,’’ असे त्यांनी सुचवले. वसईचे कॅथलिक लोक बोलताना चर्चला देऊळच म्हणतात, हे बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

या देवळाच्या सेवेचा लाभ आम्ही पाच महिने घेतला. त्यातले चांगले-वाईट दोन्ही येथे लिहीत आहे. दोष सांगायचे असल्यामुळे धर्मग्रामाचे, म्हणजे या देवळाच्या पॅरिशचे, नाव मुद्दाम घेतलेले नाही. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात मोठी, जुनी आणि सधन धर्मग्रामे पुष्कळ आहेत. हे त्यांपैकी नव्हे. थोडी कुटुंबे, एकच फादर आणि ज्यांच्या केळीच्या व पानवेलीच्या वाड्या आता चाळींनी आणि इमारतींनी वेढल्या गेल्या आहेत असे लोक, एवढाच त्याचा पसारा आहे. अशा ठिकाणी सेवेला मोठी रचना नसते. ती कोण चालवतो यावर सगळे अवलंबून असते.

साहित्याची खोली देवळाच्या मागे, बँडचे ढोल ठेवण्याच्या जागेला लागून आहे. दार उघडले की फिनेलचा वास येतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खाटांच्या पायांना सुतळीने पुठ्ठ्याचे तुकडे बांधलेले आहेत आणि प्रत्येकावर परत आल्याची तारीख व ‘धुतली’ असा शेरा आहे. हा ‘धुतली’ शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या एका खुर्चीवर मला आधीच्या रुग्णाच्या औषधाचे डाग दिसले होते आणि दुकानदाराने ते माझ्यासमोर फडक्याने पुसले होते.

नोंदवहीत रुग्णाचे नाव, पत्ता, साहित्य, अनामत आणि ‘समूह’ असे रकाने आखलेले आहेत. समूह म्हणजे धर्मग्रामातल्या पंधरा-वीस घरांचा गट. मी कुठल्याच समूहात बसत नव्हतो. वही सांभाळणाऱ्या बाईंनी क्षणभर पेन थांबवले आणि त्या रकान्यात ‘शेजारी’ असे लिहिले. मी वरच्या ओळी चाळून पाहिल्या, तर आणखी तिघेजण ‘शेजारी’ होते. अनामत एक हजार रुपये ठेवायची आणि ती साहित्य परत केल्यावर मिळते. भाडे नाही, ज्याला द्यावेसे वाटेल त्याने पेटीत टाकावे. टेम्पो मात्र आपण करायचा आणि खाट उचलायला माणसेही आपणच आणायची, हे कोणी आधी सांगत नाही. मी रिक्षाने एकटाच गेलो होतो, त्यामुळे पहिली फेरी वाया गेली.

आम्हाला मिळालेली खाट जुनी होती. पाठीकडचा भाग वर उचलणारे हँडल अर्ध्यावर आले की सटकायचे आणि आई धपकन मागे जायची. दोनदा असे झाल्यावर मी चिडूनच फोन केला. त्याच संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपून एक गृहस्थ पान्हा घेऊन आले, खाटेखाली पाठीवर झोपले आणि आटे झिजलेला नट काढून त्यांनी स्वतःच्या खिशातला दुसरा बसवला. मग आईला खाली खुर्चीवर बसवून ते स्वतः खाटेवर आडवे झाले आणि मला सात-आठ वेळा हँडल फिरवायला लावले. ही खात्री खाट देण्यापूर्वीच व्हायला हवी होती, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले. पुढे खोलीत गेलो तेव्हा पुठ्ठ्यांवर ‘धुतली’च्या खाली ‘हँडल पाहिले’ असा दुसरा शेरा दिसला.

साहित्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उपयोगी पडली ती घरभेट. हे काम धर्मग्रामातली संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा पाहते. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांना जमवून १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ही संस्था सुरू केली आणि गरजूला आपल्या दारी न बोलावता आपण त्याच्या घरी जायचे, तेही दोघांनी मिळून, ही तेव्हाची रीत आजही पाळली जाते. बैठकीच्या शेवटी एक पिशवी फिरते. प्रत्येकजण तिच्यात मूठ बंद करून हात घालतो, म्हणजे कोणी किती टाकले, किंवा काहीच टाकले नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या पाहून डोळे दमलेल्या माणसाला ही पद्धत आवडल्यावाचून राहणार नाही.

आमच्याकडे दर आठवड्याला दोघीजणी येत. एक भाजीपाल्याची वाडी करणाऱ्या, दुसऱ्या सेवानिवृत्त परिचारिका. पहिल्याच भेटीत परिचारिकाबाईंनी आईच्या कमरेखालची चादर सरकवून माकडहाडाजवळचा रुपयाएवढा लाल डाग मला दाखवला. त्यावर बोट दाबून त्यांनी उचलले, तरी लाली गेली नाही. ‘‘बोट दाबल्यावर पांढरे पडले तर ठीक, नाही पडले तर हे शय्याव्रणाचे, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचे, तोंड समजायचे,’’ असे त्या म्हणाल्या. मी औषधांच्या दुकानातून मोठ्या कौतुकाने आणलेली रबरी गोल चकती त्यांनी बाजूला काढून ठेवली. तिच्या कडांचा दाब पडून मधल्या कातडीचा रक्तपुरवठा उलट कमी होतो, असे त्यांनी समजावले. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी का ठेवायची, शस्त्रक्रियेचा पाय आत का वळू द्यायचा नाही, हे त्यांनी माझ्या आणि पत्नीच्या हातून दोन-दोनदा करून घेतले. हवेच्या गादीचा पंप चालू असूनही एका बाजूचे कप्पे फुगत नव्हते, हेही त्यांच्याच लक्षात आले. म्हणजे सदोष गादी देणारेही तेच आणि दोष शोधून काढणारेही तेच. गादी दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली, डाग दोन आठवड्यांत गेला.

आई वाडवळी बोलणारी, त्या दोघी सामवेदी; दोन्ही इकडच्याच बोली. एकमेकींचे सगळे कळत होते आणि जे कळत नव्हते त्यावर हसत होत्या. माझ्या काही नातेवाइकांनी भुवया उंचावून ‘धर्मांतराचे काही काढत नाहीत ना?’ असे विचारले होते, म्हणून तेवढेही सांगतो. पाच महिन्यांत एकदाच, तिसऱ्या का चौथ्या भेटीत, ‘‘आजी, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’’ असे त्यांनी विचारले. ‘‘करा, पण मोठ्याने करा, मला कमी ऐकू येते,’’ असे आईचे उत्तर. त्यांनी मोठ्याने केली. पुस्तक, पत्रक, तसबीर असे काही घरात आले नाही.

खोलीत प्राणवायूची दोन यंत्रेही आहेत, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत लोकांनी वर्गणी काढून घेतलेली. त्या वर्षी अशी यंत्रे गावोगाव आली आणि पुढे पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात पडून राहिली. हे यंत्र खोलीतलीच हवा घेते आणि आतल्या खड्यांच्या थरात नायट्रोजन अडकवून उरलेला प्राणवायू पुढे सोडते. ते खडे दमटपणाने निकामी होतात आणि वसईच्या खाऱ्या, ओल्या हवेत नुसते झाकून ठेवलेले यंत्र ऐन गरजेला दगा देते. येथे ती दर पंधरवड्याला चालवून पाहिली जातात. मात्र यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत आहेत आणि मराठीत एक साधा कागदसुद्धा सोबत दिला जात नाही. जाळी कधी धुवायची, वीज गेली तर काय करायचे, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते किती वेळ चालेल, हे घरच्या माणसाला तोंडी सांगितले जाते. आणि ज्याच्या घरात माणूस धापा टाकतो आहे त्याच्या डोक्यात तोंडी सूचना राहत नाहीत.

सर्वांत मोठी तक्रार वेळेची आहे. खोली फक्त रविवारी सकाळच्या मिस्सानंतर (देवळातल्या उपासनेनंतर) आणि बुधवारी संध्याकाळी उघडते. रुग्णालये सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, कधीही घरी सोडतात. आम्हाला शुक्रवारी सोडले आणि आईच्या दोन रात्री लाकडी दिवाणावर गेल्या. दारावर एकच दूरध्वनी क्रमांक लिहिलेला आहे आणि तो चारदा लावला तर एकदा उचलला जातो. नाताळच्या आठवड्यात आणि देवळाच्या सणाच्या दिवसांत खोली बंदच असते. सण कोणाला नको असतो. पण किल्ली जवळपासच्या दोन घरांत ठेवली तरी निम्मा प्रश्न सुटेल.

आता धर्मग्रामाच्या ज्या कामाला तिथे ‘मिशन’ म्हणतात त्याबद्दल. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लोक रोजच्या खर्चातून पैसे बाजूला काढतात आणि त्यातून जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर धान्य, कपडे, वह्या नेल्या जातात. आईची तब्येत सावरल्यावर, उतराई म्हणून म्हणा, मी एका खेपेला सोबत गेलो. पहाटे निघून मनोर, विक्रमगड, जव्हार असे करत आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो. फादर आणि तरुण मुले मनापासून राबत होती. गठ्ठे उतरले, सतरंजी अंथरली गेली आणि समोर जमली ती म्हातारी माणसे, काही लहान मुले आणि दोन गरोदर बाया. पाड्यातल्या दर तीन-चार झोपड्यांपैकी एकीच्या दाराला बाहेरून काटक्या लावलेल्या होत्या. मी एका आजोबांना विचारले, ‘‘बाकीची माणसे कुठे गेली, बाबा?’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्याकडंच. भट्टीवर.’’

पालघर जिल्ह्याच्या या भागात १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणी या गावांतले बालमृत्यू झाले, तेव्हापासून कुपोषण म्हटले की सगळ्यांचे डोळे जव्हार-मोखाड्याकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. पण भाताची कापणी संपली, दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उपवासकाळ येतो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. म्हणजे ज्या माणसांसाठी धर्मग्राम शंभर किलोमीटर डिझेल जाळून जाते, ती माणसे त्या दिवसांत धर्मग्रामापासून तासाभराच्या अंतरावर, वसई पूर्वेकडच्या भट्टीवर, विटांचेच कूड रचून उभ्या केलेल्या भोंग्यात राहत असतात, आणि त्यांची पोरे शाळेविना चिखल तुडवत असतात. ही गोष्ट वसईत नवीन नाही. विधायक संसद या संस्थेने याच तालुक्यात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या होत्या.

कपड्यांचे गठ्ठे मी उघडून पाहिले, त्यांत अर्धे कपडे चांगले होते. उरलेल्यांत लग्नाचे कोट होते, एक जरीची ओढणी होती आणि बटणे नसलेले सदरे होते. ज्या धर्मग्रामात खाट देताना ‘धुतली’ असा शेरा मारला जातो, त्याच धर्मग्रामात पाड्यावर जाणारा सदरा कोणी उलटून पाहत नाही, हे मला खटकले. खाट मागायला माणूस दारात येतो, रुग्णाला काय झाले आहे हे सांगतो, हँडल सटकले तर फोन करून भांडतो. पाड्यावरच्या आजोबांना भांडता येत नाही. कोट हातात घेऊन ते पाहत राहिले आणि मग घडी करून त्यांनी तो काखेत धरला.

परतताना गाडीत मी हे फादरांना सांगितले. त्यांनी बचाव केला नाही. दरवर्षीची ठरलेली भेट आहे, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना तिची आस असते, ती मोडता येणार नाही, एवढेच ते म्हणाले. ते खोटे नव्हते. भट्टीवर जायचे तर मालकाची परवानगी लागते आणि ती मिळवणे पाड्यावर जाण्यापेक्षा अवघड आहे, हेही त्यांनी सांगितले. मला तेव्हा त्यावर उत्तर सुचले नाही.

आई आता वॉकर घेऊन ओटीपर्यंत जाते. खाट परत करायला मी रविवारी गेलो, या वेळी टेम्पो आणि दोन माणसे घेऊन. अनामतीचे पाकीट माझ्या नावानिशी तसेच ठेवलेले होते. आत पाचशेच्या त्याच दोन नोटा होत्या, एकीवर आमच्या किराणा दुकानदाराच्या पेनाची खूण होती. मी खाट धुऊनच आणली होती, तरी त्यांनी ती पुन्हा धुवायला काढली. वॉकर अजून आमच्याकडेच आहे आणि वहीत त्यापुढे परतीची तारीख रिकामी आहे. ज्यांना साहित्य हवे असेल त्यांनी आपापल्या जवळच्या देवळात चौकशी करावी, खोली कधी उघडते ते आधी विचारून घ्यावे, टेम्पो सोबत न्यावा आणि खाट उचलण्यापूर्वी तिथेच हँडल दहा वेळा फिरवून पाहावे.