येरेवानची ‘१९७२ ची’ ब्रँडी आणि आमचे ६०,००० द्राम

आर्मेनियाला जाणार असाल आणि येताना ब्रँडी आणायचा बेत असेल तर आधी हे वाचा, मग बॅग भरा. हल्ली दुबई-शारजातली आपली बरीच मंडळी ईदच्या सुट्टीत तिकडे जातात, फ्लाइट तीन-साडेतीन तासांची, हवा गार, खाणंपिणं स्वस्त, आणि परत येताना प्रत्येकाच्या हातात एक बाटली असतेच. त्या बाटलीवरच तिथले काही लोक पोट भरतात.

माल वाईट नाहीये तिथला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाटेल मी आख्ख्या देशालाच नावं ठेवतोय. अरारात डोंगरासमोरच्या सपाटीवर पांढरी द्राक्षं पिकतात, त्यांची वाईन करून ती दोनदा ऊर्ध्वपातित करतात आणि मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. येरेवानमध्ये, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीत, १८८७ मध्ये नेर्सेस ताइर्यानने हे सुरू केलं, १८९९ मध्ये तो कारखाना शुस्तोव्ह नावाच्या रशियन व्यापाऱ्याकडे गेला, पुढे सोव्हिएत सरकारकडे आणि १९९८ मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे. ‘अरारात’ ब्रँड तो हाच. तिथले लोक बोलताना सर्रास कोन्याकच म्हणतात, खरं तर ते फ्रान्सच्या कोन्याक भागातल्या ब्रँडीचं नाव, त्यामुळे फ्रेंचांना ते आवडत नाही तो भाग वेगळा.

माझे सासरे निफाडचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं, त्यांनी फोनवर फर्माईश केली, “जावईबापू, द्राक्षाचीच असते ना ती, मग एखादी चांगली जुनी बघा.” झालं, ‘जुनी’ हा शब्द डोक्यात बसला.

हॉटेलच्या रिसेप्शनवरून दिवसभरासाठी गाडी घेतली होती. खोर विराप, मग नोरावांक हे दोन जुने मठ, वाटेत अरेनी गावाला रस्त्याच्या कडेला कोकच्या बाटल्यांत घरगुती वाईन विकायला ठेवलेली असते ती बघितली, ड्रायव्हर एकदम गप्पिष्ट, मुलांना जर्दाळू काय, सेल्फी काय. परतताना म्हणाला टुरिस्ट दुकानात जाऊ नका, तिथे लुटतात, माझ्या भावाचं तळघर आहे, तो कारखान्यात होता, फक्त ओळखीच्यांना देतो. (जो माणूस स्वतःहून सांगतो की बाकीचे लुटतात, त्याच्या गाडीतून तिथेच उतरावं, हे आता कळतंय.)

तळघर मात्र झकास होतं हो. दगडी भिंती, चार-पाच पिंपं, त्यांच्यावर खडूने वर्षं लिहिलेली, टेबलावर सुकवलेले पीच, अक्रोड आणि छोटे पोट फुगलेले ग्लास. ‘भावाने’ एका काचेच्या सुरईतून ओतून दिलं आणि ते खरोखर उत्तम होतं, मऊ, मनुका आणि लाकडाचा वास, घशाला अजिबात न टोचणारं. मग चर्चिलची गोष्ट आली. दुसऱ्या महायुद्धातल्या याल्टा परिषदेत स्टॅलिनने चर्चिलला ही ब्रँडी पाजली आणि मग त्याला दरवर्षी शेकड्याने बाटल्या जायच्या म्हणे, ही कथा तिथे जो तो सांगतो, पुरावा कुणी दाखवत नाही. ऐकायला छान वाटते पण.

त्यानंतर त्याने किल्लीने एक कपाट उघडलं आणि रशियन वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्ध्या लिटरची बाटली काढली. लेबल पिवळं पडलेलं, कडेला फाटलेलं, सोनेरी रशियन अक्षरं. म्हणाला १९७२ ची, सोव्हिएत स्टॉक, पन्नास वर्षांची ब्रँडी, पॅरिसला हजार युरोला जाईल. सुरुवात ९०,००० द्रामपासून (द्राम हे तिथलं चलन), मग मुलांकडे बघून, इंडियाकडे बघून, राज कपूरकडे बघून ६०,००० ला उतरला. म्हणजे साधारण तेरा हजार रुपये. शिवाय सुरईतलं जे प्यायलो ‘तेच’ म्हणून दोन बाटल्या घेतल्या, त्या तो आत जाऊन भरून, सील करून घेऊन आला. बायको हळूच म्हणाली, “अहो, बिल मागा ना त्याच्याकडे,” तर त्याने हाताने लिहिलेलं एक सर्टिफिकेट दिलं, त्यावर गोल शिक्का. बिल नाहीच. कार्ड मशीनची स्लिप तेवढी मिळाली.

निफाडला दिवाळीत बाटल्या उघडल्या. भरून दिलेल्या दोन्हींतून व्हॅनिला इसेन्सचा असा भपका आला की सासूबाई आतून विचारायला आल्या, केक कुणी केलाय. ग्लासात गोडमिट्ट आणि खाली घशात नुसतं स्पिरिट. सासऱ्यांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “चांगलीये, पण राहू दे.” एवढा सज्जन माणूस मी पाहिला नाही. १९७२ ची मात्र त्यांनी उघडू दिली नाही, शोकेसमध्ये ठेवली.

तिचं पितळ ऑफिसात उघडं पडलं. माझ्या टीममध्ये एक कझाकस्तानचा सहकारी आहे, त्याला मोठ्या हौसेने लेबलचा फोटो दाखवला. त्याने तो झूम केला आणि हसायलाच लागला. सोव्हिएत मालावर गोस्ट म्हणून सरकारी मानकाचा नंबर छापलेला असतो, त्यात डॅशनंतरचे दोन आकडे म्हणजे ते मानक मंजूर झालं ते वर्ष. आमच्या बाटलीवर शेवटी होतं -९१. म्हणजे १९७२ च्या बाटलीवर १९९१ चा नियम! आणि मागच्या लेबलवर कोपऱ्यात बारीक बारकोड, ४८५ ने सुरू होणारा, तो आर्मेनियाचा क्रमांक, सोव्हिएत काळात तो असणारच नाही. पिवळेपणाबद्दल तो म्हणाला की चहाच्या पाण्यात बुडवला की कुठलाही कागद असा होतो.

पण त्याने पुढे जे सांगितलं त्याने माझी जास्त जळली. बाटली खरी १९७२ ची असती तरी आतली ब्रँडी पन्नास वर्षांची नसतीच. वय मोजतात ते पिंपातलं, काचेत गेली की घड्याळ बंद, बाटली कपाटात शंभर वर्षं ठेवा. आमच्या लेबलवर केएस लिहिलं होतं, त्याचा अर्थ पिंपात किमान दहा वर्षं. केव्ही म्हणजे सहा, केव्हीव्हीके म्हणजे आठ, साध्या मालावर तीन, चार, पाच तारे म्हणजे तितकी वर्षं. म्हणजे लेबलवरचा शब्द न् शब्द खरा धरला तरी मला दहा वर्षांचा माल पन्नासच्या भावाने विकला जात होता. ब्रँडीत आपण पैसे मोजतो ते वर्षांचे, आणि वर्षं ना दिसतात ना जिभेला मोजता येतात, म्हणून तर हा धंदा चालतो.

रंगावरही जाऊ नका. गडद म्हणजे जुनी हे डोक्यातून काढा, फ्रान्सच्या कोन्याकमध्येसुद्धा रंगासाठी कॅरामल घालायला कायद्याने परवानगी आहे. त्या भाऊसाहेबांनी तर बहुधा कॅरामलमध्येच थोडी दारू घातली होती. एक्सओ, व्हीएसओपी या अक्षरांचंही तसंच, कोन्याकला व्हीएसओपी म्हणजे मिश्रणातली सगळ्यात तरुण दारू किमान चार वर्षांची, एक्सओ म्हणजे २०१८ पासून दहा वर्षांची, आधी सहा चालायची. पण ही अक्षरं कुणीही प्रिंटरवर छापून तलवारीच्या नाहीतर डाळिंबाच्या आकाराच्या बाटलीवर चिकटवू शकतो, आणि वेर्निसाज बाजारात अशा शोभेच्या बाटल्या बघायला मिळतात. त्यात तुम्ही काचेचे पैसे देता.

मग घ्यायची कुठे, तर सरळ येरेवानमधल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये, नाहीतर कारखान्याच्या स्वतःच्या दुकानात. अरारातची आणि नोय या तिथल्या दुसऱ्या ब्रँडी कंपनीची, दोघांचीही टूर असते, टेस्टिंगसकट, आधी बुकिंग करून जा. अरारातची दहा वर्षांची अख्तामार, वीस वर्षांची नाइरी, वय बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि मशीनचं बिल मिळतं. उघड्या सुरईतलं चाखून बंद बाटली घ्यायची नाही, चाखायचं असेल तर तीच बाटली समोर उघडायला सांगा, ‘नाही’ म्हणाला की बाहेर पडा. आणि जिथे ड्रायव्हर तुमच्यासोबत आत येऊन मालकाशी त्यांच्या भाषेत बोलत बसतो तिथे किमतीत त्याचं कमिशन आहे हे धरूनच चाला.

सामानाचं पण बघा. बाहेरून घेतलेली बाटली केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच, आणि ती कंपनीच्या मूळ पॅकिंगमध्ये हवी, त्यामुळे तळघरात भरून दिलेल्या बाटलीचा इथेही लोचा होऊ शकतो. एअरपोर्टच्या ड्युटी फ्रीमधून घेतली आणि मधे विमान बदलायचं असेल तर ती सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका, बिल आतच राहू द्या. भारतात उतरताना माणशी दोन लिटर, त्यात मुंबईला उतरल्यावर ड्युटी फ्रीत घेतलेलंही धरतात, आणि मुलांच्या नावावर मोजायचं नसतं (आमच्या पुढच्या रांगेतल्या काकांनी प्रयत्न करून बघितला).

पैसे परत मिळवायचं म्हणाल तर बँकेत तक्रार केली होती. स्लिपवर दुकानाचा प्रकार भेटवस्तू-हस्तकला असा निघाला, कार्डाला पिन मी स्वतः दाबलेला, वस्तू मिळालेली, त्यामुळे तक्रार फेटाळली. हॉटेलवाले म्हणाले तो ड्रायव्हर आमचा नाही, फक्त ओळखीचा आहे. ड्रायव्हरला मेसेज केला तर निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

उत्तर आलं थेट नव्या वर्षाला. शुभेच्छा, घरच्यांना नमस्कार, मित्रांना घेऊन या, आणि खाली फोटो, तेच कपाट, तसंच वर्तमानपत्र, आणि ओळ लिहिलेली की भावाकडे या वेळी १९६८ ची आलीय.