जुन्या गाडीतलं अधूनमधूनचं मिसिंग शोधायला ईएलएम ३२७ स्कॅनर: कुठे कामी येतो, कुठे गप्प बसतो

अधूनमधून होणारं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच पेट्रोल नीट न पेटणं, हा जुन्या पेट्रोल गाडीचा सर्वांत चिवट आजार. चढाला गाडी दोन झटके देते, आणि गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं की इंजिन सुतासारखं सरळ चालतं. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, कॉइल बदलते, इंजेक्टर साफ होतात, आणि पंधरवड्याने झटका पुन्हा हजर. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचा, फोनशी ब्लूटूथने जोडायचा आणि इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचायचा ईएलएम ३२७ स्कॅनर या कामासाठी घ्यावा का? घ्यावा. पण बहुतेक जण त्यातून कोड वाचतात आणि थांबतात. या वस्तूचे पैसे वसूल होतात ते फ्रीझ फ्रेममध्ये.

आधी कोडची मर्यादा. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. कॉम्प्युटरला ठिणगी दिसत नाही. क्रँक सेन्सरसमोरून जाणारे क्रँकच्या चाकाचे दाते किती वेगाने सरकतात एवढंच त्याला कळतं. दुसऱ्या सिलिंडरच्या पॉवर स्ट्रोकला दाते किंचित रेंगाळले की तो मिसिंग मोजतो. म्हणजे कोड सिलिंडर सांगतो, पार्ट कधीच सांगत नाही. पी ०३०० असेल तर सिलिंडरही नक्की नाही. तेव्हा पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती, क्रँक सेन्सर अशा सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या गोष्टी आधी बघाव्यात. चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर निदान बाजूला ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

आता फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला जाताना इंजिन कोणत्या अवस्थेत होतं, त्या क्षणाचे आकडे कॉम्प्युटर जपून ठेवतो. समजा त्यात दिसलं: आरपीएम १८४०, लोड ७८ टक्के, पाणी ९१ अंश, वेग ५२, शॉर्ट टर्म ट्रिम +३, लाँग टर्म +२. हे वाचता आलं पाहिजे. लोड म्हणजे इंजिनवरचा भार. ट्रिम म्हणजे मिश्रण सांभाळायला कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली वाढ-घट: शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म शिकून ठेवलेली. इंजिन गरम आहे, आरपीएम कमी आणि लोड जास्त, म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढ. ट्रिम शून्याजवळ, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठीक. अशा वेळी सिलिंडरमध्ये दाब सर्वांत जास्त असतो आणि दाबाखाली ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागतं. कमजोर कॉइल किंवा झिजून गॅप वाढलेला प्लग नेमका इथे हार मानतो. संशय इग्निशनवर.

दुसरी फ्रेम अशी: आरपीएम ७४०, पाणी ३४ अंश, वेग शून्य, लाँग टर्म +१८. थंड इंजिन, न्यूट्रलवर, आणि कॉम्प्युटर १८ टक्के जादा पेट्रोल टाकतोय. इथे मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या कडक झालेल्या नळ्या आधी तपासायच्या. खात्री करायला इंजिन २५०० आरपीएमवर धरा. ट्रिम उतरून +५ च्या आत आला तर हवेची गळती जवळपास नक्की, कारण तीच गळती जास्त हवेत नगण्य ठरते. उलट लोडवर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल पंप आणि फिल्टरकडे वळा.

एक सापळा मात्र इथे आहे. मिसिंग झालेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं. त्यामुळे मिसिंग इग्निशनचं असलं तरी ट्रिम वर चढू शकतो. म्हणून ट्रिम बघायचा तो गाडी नीट चालत असतानाचा.

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्याच. ‘क्लिअर’ दाबलं की कोडबरोबर फ्रेमही जाते, शिकलेले ट्रिमही बऱ्याच गाड्यांत शून्यावर येतात, आणि आठवड्याभराच्या शोधाचा एकमेव पुरावा हातातून जातो.

लाइट लागलेलाच नसेल तरी निराश होऊ नका. कॉम्प्युटर क्रँकच्या १००० फेऱ्यांच्या टप्प्यात मिसिंग मोजतो, कन्व्हर्टरला धोका होईल अशा मिसिंगसाठी २०० फेऱ्यांच्या. थोडे झटके ही मर्यादा ओलांडत नाहीत, आणि ओलांडली तरी गाडी चालवण्याच्या पहिल्या खेपेत कोड सहसा ‘पेंडिंग’, म्हणजे अजून पक्का न झालेला, राहतो. ॲपमधली पेंडिंग कोडची यादी वेगळी उघडावी लागते. कॅन प्रोटोकॉलच्या, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायची नवी, वेगवान पद्धत असलेल्या गाडीत मोड ६ हा कॉम्प्युटरच्या चाचण्यांच्या निकालांचा विभागही उघडा: तिथे ए२ म्हणजे पहिला सिलिंडर, ए३ दुसरा, असं प्रत्येक सिलिंडरचं मिसिंग मोजलेलं असतं, चालू खेपेचं आणि गाडी चालवण्याच्या गेल्या दहा खेपांच्या सरासरीचं. तीन सिलिंडर शून्यावर आणि एकावर ४१ दिसलं, तर लाइट लागायची वाट बघायची गरजच नाही.

लाइव्ह ग्राफवर झटका पकडायचा प्रयत्न मात्र सोडून द्या. ३००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. के-लाइन या जुन्या, संथ पद्धतीने बोलणाऱ्या गाडीत हा स्कॅनर सेकंदाला जेमतेम काही आकडे आणतो. ग्राफ सपाट दिसला म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही.

सिलिंडर कळल्यावर पुढचं काम पान्याचं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, फ्रेममध्ये होती तशाच परिस्थितीत गाडी चालवा. पी ०३०३ आला तर कॉइल गेली. पी ०३०२ च राहिला तर आता प्लग, मग इंजेक्टर. एका वेळी एकच पार्ट हलवा. दोन हलवले की उत्तर कशामुळे आलं ते कळत नाही. एकाच कॉइलवर दोन सिलिंडर असतील, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात सहसा १-४ आणि २-३, तर जोडीचे दोन्ही कोड एकत्र येणं कॉइल पॅककडे बोट दाखवतं.

प्लग काढलात की पांढऱ्या चिनी मातीवर उजेड तिरका पाडून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक करडी रेघ धातूपासून टोकापर्यंत गेलेली दिसली तर ठिणगी आत न उडता बाहेरून पळतेय. प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या रबरी टोपणाच्या, म्हणजे बूटच्या, आतही तिचीच जुळी रेघ असते. नुसता प्लग बदलला तर बूटातली रेघ नव्या प्लगवर काही दिवसांत तीच खूण उमटवते, म्हणून दोन्ही एकदम बदला. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील आधी.

आता वस्तूबद्दल. ईएलएमची पहिली आवृत्ती कॉपीपासून सुरक्षित नव्हती, त्यामुळे बाजारात नकलांचा पूर आला. ‘१.५’ छापलेला खोका तर सरळ नक्कल, कारण मूळ कंपनीने १.५ आवृत्ती काढलीच नाही. कोड वाचायला अशी नक्कल बहुधा पुरते. पण काही स्वस्त नकला के-लाइन नीट बोलत नाहीत किंवा मोड ६ चं लांब उत्तर अर्धवट आणतात, आणि जुन्या गाडीला नेमकं तेच लागतं. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी फ्रीझ फ्रेम व पेंडिंग कोड हे विभाग उघडतात का ते बघा. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ चालत नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ एलईचं मॉडेल घ्यावं लागतं.

सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे चावी काढली तरी स्कॅनर करंट खात राहतो. ४० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-अवर. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा.

कार्ब्युरेटरच्या गाडीला याचा शून्य उपयोग. तिथे टायमिंग लाइट आणि गॅप बदलता येणारा स्पार्क टेस्टर हीच हत्यारं. आणि एक दुखणं असं आहे जे या स्कॅनरला कधीच दिसणार नाही: कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं अदलाबदल करून झालं आणि कोड त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, मिसिंग फक्त इंजिन तापल्यावर न्यूट्रलला होतं, तर कॉम्प्रेशन गेज लावा, तेही इंजिन गरम असतानाच. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह तापून लांबला तरी बंद व्हावा म्हणून ठेवलेली बारीक फट, संपला असेल तर तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड इंजिनात आकडा चांगला येतो आणि गरम झाल्यावर तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली घसरतो.