तोमाश स्तान्को: नऊ महिने ऐकल्यानंतर

मागच्या आषाढात सुरुवात केली, आता चैत्र सरत आलाय. या नऊ महिन्यांत पोलिश जाझ ट्रम्पेटवादक तोमाश स्तान्को जवळजवळ रोज ऐकला. आठवडाभर ऐकून लिहिलेले अभिप्राय मी आधी वाचले होते, आणि त्यांच्या नादानं पहिल्यांदा भलत्याच ठिकाणी हात घातला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

कारण घरचं आहे. माझे धाकटे मामा इचलकरंजीत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती, मग गणपती, मग उरूस. साठीच्या आतच त्यांचे पुढचे दात गेले आणि ट्रम्पेट पेटीत गेलं ते गेलंच. बाहेरच्या माणसाला वाटतं, फुंकायचं वाद्य, त्यात दातांचा काय संबंध? सगळा संबंध दातांचाच आहे. ट्रम्पेटला सनईसारखी पत्ती नसते. थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. माउथपीस ओठांवर टेकतो आणि ओठांना मागून आधार असतो दातांचा. तो आधार गेला की कवळी हलते, ओठ निसटतो, वरचा सूर फाटतो. मामांनी दोन वर्षं धडपड केली आणि सोडून दिलं.

मग माझ्या वाचनात आलं की स्तान्कोचेही दात नव्वदच्या दशकात, पन्नाशीच्या घरात असताना गेले. आणि तो थांबला नाही. एका चांगल्या दंतवैद्याच्या मदतीनं त्यानं ओठांची ठेवण पहिल्यापासून नव्यानं बसवली. तासन् तास एकेक लांब सूर धरून ठेवायचा, बस्स. त्याला स्वतःलाही तो रियाज कंटाळवाणा वाटायचा. आपल्याकडे पहाटे खर्ज भरतात तोच प्रकार, फक्त इथं शिकाऊ मुलगा नाही, तीस वर्षं मंचावर घालवलेला माणूस. हे वाचल्यावर ठरवलं की याचं सगळं क्रमानं ऐकायचं, 1965 पासून 2017 पर्यंत, आणि मधे दुसरं फारसं काही लावायचं नाही.

स्तान्को 1942 साली झेशुफ गावात जन्मला, क्राकूव्हला संगीत शिकला. स्टालिनच्या काळात पोलंडमध्ये जाझ हे अमेरिकेचं संगीत म्हणून दडपलेलं होतं. लोक घराघरांतून, बंद दारांआड वाजवायचे. 1956 नंतर पकड सैल झाली. 1958 मध्ये अमेरिकी पियानोवादक डेव्ह ब्रूबेक पोलंडच्या दौऱ्यावर आला तेव्हा स्तान्को पंधरा वर्षांचा होता, आणि त्या मैफलीचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. रात्री ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हरचा जाझचा कार्यक्रम लागायचा, त्याच्यावर ती सगळी पिढी वाढली. पुढे 1963 मध्ये क्षिश्तोफ कोमेदा या पियानोवादक-संगीतकारानं त्याला आपल्या संचात घेतलं. कोमेदा शिक्षणानं कान-नाक-घशाचा डॉक्टर, खरं आडनाव त्चिन्स्की. दवाखान्यातल्या वरिष्ठांना जाझचा सुगावा लागू नये म्हणून त्यानं टोपणनाव घेतलेलं. रोमान पोलान्स्कीच्या सुरुवातीच्या चित्रपटांना त्याचंच संगीत आहे.

त्या संचाची ‘अ‍ॅस्टिग्मॅटिक’ ही डिसेंबर 1965 मध्ये वॉर्सात मुद्रित झालेली रेकॉर्ड. मूळ एलपीची एक अख्खी बाजू एकाच रचनेनं व्यापलेली, दुसऱ्या बाजूला दोन. क्रमानं ऐकायला लागल्यावर माझे पहिले सहा आठवडे या तीन रचनांतच गेले आणि ते मुळीच वाया गेले नाहीत. तेवीस वर्षांचा स्तान्को इथं चाकूसारखा आहे. सूर स्वच्छ, वर चढताना कुठंही धाप नाही, आणि तरी शोभेसाठी वाजवलेला एकही तुकडा नाही. सुरुवात करायची तर इथून करा, हे माझं पक्कं मत. मी लोकांच्या सांगण्यावरून त्याच्या शेवटच्या संथ रेकॉर्डपासून केली होती. छान पार्श्वसंगीत वाटलं, आणि तसं वाटलं यातच चूक झाली. तो संथपणा कशातून आला ते माहीत नसताना नुसता गुळगुळीत लागतो.

कोमेदा एप्रिल 1969 मध्ये गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. त्याच्या आठवणीत स्तान्कोनं 1970 मध्ये ‘म्युझिक फॉर के’ काढली. ही रेकॉर्ड मला झेपली नाही, नऊ महिन्यांनंतरही नाही. मोकळा, ओरडणारा जाझ आहे. दोन सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकमेकांवर तुटून पडतात. दुःखाचं ते एक खरं रूप आहे हे मी मानते, पण घरात माणसं असताना ती लावता येत नाही आणि एकटीनं ऐकायला बसले की दहा मिनिटांत जीव दमतो. त्याच संचाची 1973 ची ‘पर्पल सन’ मात्र पुन्हा पुन्हा लावली, कारण त्यात झ्बिग्नेव्ह सायफर्टचं व्हायोलिन आहे. व्हायोलिनवर राग ऐकत मोठे झालेल्या आपल्या कानाला तिथं लगेच पाय टेकवायला जागा मिळते.

1975 च्या डिसेंबरात जर्मनीत मुद्रित केलेली ‘बॅलाडिना’ ही ईसीएम या जर्मन रेकॉर्ड कंपनीसाठी त्याची स्वतःच्या नावावरची पहिली रेकॉर्ड. त्याच कंपनीकडे स्वतःचा संच घेऊन तो परत गेला थेट 1994 मध्ये. मधल्या काळात अमेरिकेतल्या सेसिल टेलर या पियानोवादकाच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवलं, पोलंडमध्ये विजेच्या वाद्यांचे प्रयोग केले. ऐंशीच्या दशकातल्या त्या रेकॉर्डमधले कीबोर्ड आज जुनाट वाटतात. प्रत्येक दोनदा ऐकली आणि बाजूला ठेवली. ती वर्षं दारू आणि नशेच्या पदार्थांतही गेली, आणि त्याबद्दल तो पुढे उघडपणे बोलला.

त्याच काळातली एक गोष्ट मात्र आपल्या अंगणातली आहे. 1980 मध्ये फिनलंडच्या एडवर्ड वेसाला या ड्रमवादकाच्या ‘लिओ’ या लेबलवर त्याची एकट्या ट्रम्पेटची रेकॉर्ड निघाली. मुद्रणाच्या जागा दोन: आग्र्याचा ताजमहाल आणि आपली कार्ल्याची लेणी. साथीला कुणी नाही, दगडातून परत येणारा त्याचाच सूर तेवढा. माझ्या एका स्नेह्यांकडे मूळ एलपी आहे, त्यांच्या घरी बसून चार वेळा ऐकली. मग माघातल्या एका मंगळवारी सकाळी कार्ल्याला गेले. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला तिथं पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मुद्दाम आडवार धरला. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून, देवीचं दर्शन घेऊन चैत्यात शिरले. सुमारे 45 मीटर लांब, 14 मीटर उंच, वर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागेवर. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट या जुन्या गावाहून आलेले यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. आत शाळेची सहल होती. एका मुलानं टाळी वाजवली आणि तो आवाज स्तूपाकडे गेला, थोडा गोल झाला आणि परत आला. तेव्हा मला त्या रेकॉर्डमधल्या गप्प जागा कळल्या. सूर सोडून स्तान्को थांबतो, तो परत येईपर्यंत पुढचा सोडत नाही. घरी ऐकताना मला ते अडखळणं वाटलं होतं. त्याच्या नंतरच्या सगळ्या वाजवण्यात हे थांबणं आहे, आणि ते तो इथंच शिकला असं म्हणण्याचा मोह मला होतो. सिद्ध करता येणार नाही, पण ऐकताना तसंच वाटतं.

आता नव्वदचं दशक, म्हणजे माझ्या दृष्टीनं या सगळ्याचा गाभा. ‘लिटानिया’ (1997) ही पूर्ण कोमेदाच्या रचनांची रेकॉर्ड आहे. ‘अ‍ॅस्टिग्मॅटिक’मधली ‘स्वान्तेटिक’ इथं पुन्हा येते, आणि दोन्ही पाठोपाठ लावणं हा या नऊ महिन्यांतला सर्वांत शिकवणारा उद्योग. मध्ये बत्तीस वर्षं आहेत. पहिल्यात सूर भाल्यासारखा सरळ जातो. दुसऱ्यात तो कडेनं झिजलेला आहे. आधी नुसती हवा ऐकू येते, मग त्यातून सूर उमटतो, आणि विरताना परत हवा होतो. चाल तीच, पण आता ती कुणाला तरी आठवून वाजवलेली आहे. पोलान्स्कीच्या चित्रपटासाठी कोमेदानं केलेली अंगाईही इथं तीनदा येते, तिन्ही वेळा वेगळी. ही रेकॉर्ड मला सीडीवर हवी होती. एका ऑनलाइन विक्रेत्यानं या डबीत दुसरीच सीडी घालून पाठवली आणि बदलून मिळायला तीन आठवडे गेले. मागवलीत तर आल्या आल्या डबी उघडून बघा.

दिवाळीत मामा पुण्याला आले तेव्हा त्यांना ‘सोल ऑफ थिंग्ज’ लावून दिली. 2001 च्या ऑगस्टमध्ये ऑस्लोत मुद्रित, साथीला मार्चिन वाशिलेव्स्की, कुर्किएविच आणि मिश्किएविच हे तिघं. स्तान्कोनं त्यांना हाताशी धरलं तेव्हा ती अगदी विशीच्या आतली पोरं होती. दातांचं मी मामांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिले दोन भाग ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “पोरी, ह्याच्या डाव्या बाजूनं वारा सुटतोय. आणि ह्यो बाबा त्यो लपवत न्हाई, त्याचंच गाणं करतोय.” कवळी आहे म्हटल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. नंतर एवढंच विचारलं, “किती वर्षं वाजिवलं म्हणालीस ह्यानं तसलं?” वीसच्या वर, म्हटलं. गाण्याच्या मधे उठून त्यांनी खिडकी लावून घेतली, रस्त्याचा आवाज येत होता म्हणून.

खिडकीचा मुद्दा वापराच्या दृष्टीनंही महत्त्वाचा आहे. ईसीएमच्या या सीडी मुळात पाच सेकंदांच्या शांततेनं सुरू होतात, आणि पुढचं मुद्रणही तितकंच हळवं आहे. बसमध्ये, रिक्षात इअरफोन घालून ऐकलं तर अर्धं वादन हरवतं आणि उरतो तो फक्त पियानो. मी तीन महिने तसं ऐकलं आणि स्तान्को ‘बरा आहे’ एवढंच मत झालं होतं. घरातले साधे दोन स्पीकर, रात्री दहानंतर, आवाज कमी ठेवून. यानं जो फरक पडला तो महागड्या हेडफोननं पडला नसता. दुसरी अडचण मोबाइलवर ऐकणाऱ्यांची. ‘सोल ऑफ थिंग्ज’च्या तेराही भागांना तेच नाव आणि पुढे रोमन आकडे आहेत. शफल चालू राहिलं तर काय ऐकतोय याचा पत्ता लागत नाही. ते बंद करून सलगच ऐका, कारण एकाच चालीभोवती तो पुन्हा पुन्हा फिरतो आणि प्रत्येक वेळी थोडं गाळून टाकतो. त्याच त्रिकुटाची 2006 ची ‘लोन्तानो’ त्याहून मोकळी आहे, पण लांब भागांत मला ती पसरट वाटते.

सत्तरीत त्यानं न्यूयॉर्कमधल्या तरुण वादकांचा नवा संच बांधला. त्यांच्याबरोबरची ‘विस्वावा’ (2013) दोन सीडींची आहे, पोलिश कवयित्री विस्वावा शिंबोर्स्काच्या नावानं. क्राकूव्हमध्ये 2009 साली तिनं कविता वाचल्या होत्या आणि त्यानं सोबत ट्रम्पेट वाजवलं होतं. 2012 मध्ये ती गेली. मराठीत शिंबोर्स्का वाचलेल्या माणसानं ही रेकॉर्ड जरूर लावावी. तिच्या ओळींसारखंच आहे, साध्या वाक्यात बोलत बोलत माणूस एकदम खोल नेऊन सोडतो. दुसरी सीडी पहिलीपेक्षा सरस. ‘डिसेंबर अव्हेन्यू’ (2017) शेवटची. जुलै 2018 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं तो वॉर्सात गेला, शहात्तराव्या वर्षी. या रेकॉर्डमध्ये श्वास आखूड झालेला जाणवतो, वाक्यं लहान आहेत, पण नव्यानं बसवलेला तो सूर शेवटपर्यंत हललेला नाही.

वेळ कमी असेल तर ‘अ‍ॅस्टिग्मॅटिक’ आणि ‘लिटानिया’ या दोनच घ्या, महिनाभर आलटूनपालटून ऐका, मग ‘सोल ऑफ थिंग्ज’. कार्ल्याची एलपी कुणाकडे सापडली तर दाराशी जाऊन बसा.

2024 मध्ये ‘सप्टेंबर नाइट’ नावानं त्याची एक जुनी मैफल निघाली, त्याच पोलिश त्रिकुटाबरोबर 2004 साली म्युनिकला झालेली. ती मी आणलीय, पण अजून वेष्टन काढलेलं नाही. मामा आषाढात येणार आहेत. परवा फोनवर त्यांनी पेटीतला माउथपीस चिंचेनं घासून ठेवल्याचं सांगितलं, सोबत आणतो म्हणाले.