वाळूजमध्ये बांधून घेतलेले जिप्सीचे इंजिन : रिंग गॅप आणि तेलव्यवस्था

वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या वर्कशॉपकडून ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या वळणदार मार्गावरील, वेळ मोजून होणारी शर्यत) मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन नव्याने बांधून घेतले. शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य ठरवणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे रिंग गॅप (पिस्टनभोवतीच्या कड्याच्या दोन टोकांमधली फट) आणि तेलाची व्यवस्था, या कारागिरांनी कशा हाताळल्या, तेवढेच येथे मांडतो.

मूळ ७४ मिमी व्यासाचा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) अर्ध्या मिलिमीटरने वाढवून घेतला. होनिंग (बोअरची आतली बाजू घासून अचूक मापाची करणे) करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बसवायची जाड प्लेट, आवळलेली होती, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार किंचित बदलतो आणि मोकळ्या ब्लॉकवर घेतलेले माप फसवे निघते. रिंग पिस्टनच्या डोक्याने बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) गॅप मोजला गेला, आणि जिचा गॅप कमी भरला त्या रिंगचे एकच टोक, बाहेरील कडेकडून आत, कानशीने घासले गेले, जेणेकरून कडेचा लेप उडू नये. रस्त्यावरच्या इंजिनाला बोअरच्या सुमारे ०.००४ पट गॅप पुरतो, म्हणजे येथे ०.३० मिमी. आमच्याकडे वरच्या रिंगला ०.३५ आणि दुसऱ्या रिंगला ०.४० मिमी ठेवला. दुसरा गॅप मोठा का, हे फोरमनने नीट समजावले : दोन रिंगांमध्ये दाब अडकून राहिला, तर वरची रिंग आपल्या खाचेत स्थिर बसत नाही. तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडली, तर बोअर ओरखडतो आणि पिस्टनची कड तुटते. उलट किंचित मोठ्या गॅपमुळे होणारी शक्तीची गळती फार थोडी असते. मराठवाड्यातील मे महिन्यात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि इंजिन दीर्घकाळ पूर्ण थ्रॉटलवर चालते, तेव्हा गॅप सैल बाजूला ठेवण्याचा हा निर्णय मला सर्वस्वी योग्य वाटतो.

तेलाच्या बाबतीत मी ड्राय संपचा, म्हणजे तेल संपमध्ये (इंजिनाखालच्या भांड्यात) न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवण्याच्या व्यवस्थेचा, आग्रह धरून गेलो होतो. वेगळी टाकी, ओढून घेणारे पंप आणि पट्ट्यांची जोडणी एवढा खर्च या वर्गाच्या शर्यतीसाठी अनावश्यक आहे, असे त्यांनी सांगितले आणि मोठे बिल स्वतःहून टाळले. मूळ संपमध्येच एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांचे बॅफल (तेल अडवणारे आडपडदे) बसवले, जेणेकरून जोराच्या वळणावर तेल एका बाजूला जाऊन पिकअप (तेल ओढणारी नळी) हवा ओढणार नाही. शिवाय फिरत्या क्रँकपासून तेल दूर ठेवणारा विंडेज ट्रे आणि थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर दिला. जास्त क्षमतेचा पंप घातला नाही, कारण तो संप लवकर रिकामा करतो आणि शक्तीही खातो. दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब, हे प्रमाण त्यांनी बेअरिंगची फट आणि तेलाचा ग्रेड यांची सांगड घालून साधले.

उणीव एकच, पण गंभीर : मोजमापांचा लेखी तक्ता मागितल्याशिवाय मिळाला नाही. पुढच्या वेळी इंजिन उघडल्यावर झीज ताडायला तोच आधार असतो, म्हणून काम सोपवतानाच प्रत्येक सिलिंडरचा गॅप आणि प्रत्येक बेअरिंगची फट लिहून घ्यायची अट घालावी.